सतरा नंबरचा बिल्ला

कुत्रं पाणी प्यालं नाही, एवढंच झालं होतं. आणि तेही कुठं, तर सोळा सालच्या उन्हाळ्यात, चौसाळ्याच्या अलीकडच्या त्या चारा छावणीत, जिथं टँकरचा आवाज आला की बाया, म्हशी, शेळ्या आणि कावळे एकाच रांगेत उभे राहायचे आणि रांग मोडली म्हणून पहिलं भांडण कावळ्यांत लागायचं. (रांगेची ही गोष्ट दूध गोळा करणाऱ्या आश्रुबाचीच, तिच्यातले कावळे वजा केले तर बाकीचं खरं होतं.) अशा जागी भिमाबाईच्या दिवाण नावाच्या कुत्र्यासमोर जर्मनचं पातेलं अर्धं भरून ठेवलेलं होतं आणि दिवाण नुसता बघत होता. खाली वाकला, नाक पाण्याला टेकवलं आणि चटका बसावा तसा मागे सरला. तोंड अर्धवट उघडं. जबड्याच्या कडेनं लाळेची एक तार लोंबत होती, मातीपर्यंत न पोचणारी. गळ्यात सुतळीत ओवलेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर दूध संस्थेच्या लाल रंगात सतराचा आकडा. आकडा आश्रुबाच्याच हातचा होता. साताचं शेपूट जरा जास्तच लांब ओढायची त्याची सवय, तीस वर्षं कॅनवर नंबर टाकून टाकून लागलेली. ते शेपूट आता दिवाणच्या प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

आश्रुबाच्या हातातलं दुधाचं माप हातातच राहिलं. रोज सकाळी तो संस्थेच्या जीपमधून छावणीत यायचा, झोपडी-झोपडीपुढून अर्धा लिटर, पाव लिटर असं दूध गोळा करायचा आणि शेवटी भिमाबाईच्या पत्र्याखाली चहा पिता पिता एखादी गोष्ट सोडून जायचा. आज चहा समोर होता. भिमाबाई डाव्या हातानं कपबशी पुढं करत होती आणि उजवा हात तिनं पदरात धरला होता. पदराला चुन्याचा पांढरा डाग लागलेला.

"हाताला काय झालं, भिमाबाय?"

"काय न्हाई वो. दिवाणचा दात लागला. भाकर देत होते, मधीच वसकन आला. चुना-तिखट भरलंय."

"कवा?"

"आत्ता, धार काढायच्या टायमाला. तुमी यायच्या आधी." ती हसली. "तुमचं तोंड कावून उतरलं, भाऊ? टोचल्यालं कुत्रं हाय. बिल्ला तर तुमीच अडकवला."

बिल्ला तर तुम्हीच अडकवला. आश्रुबानं बशीत चहा ओतला, तो बशीबाहेर गेला. तीस वर्षांत त्याच्या हातून मापाबाहेर काही सांडलं नव्हतं. त्याला फ्रिज आठवला. खरं म्हणजे आठवला नाही, तो पंधरा-वीस हात लांब उभा असल्यासारखा दिसलाच: संस्थेच्या खोलीतला, कडेनं गंजलेला, दारावर चेअरमनसाहेबांचा हसरा फोटो चिकटवलेला फ्रिज, त्याचा तो थांबून थांबून येणारा गुरगुराट. दोन वर्षांमागं त्या खोलीत दिवसाला अकराशे लिटर दूध यायचं; आता साठ. फ्रिज रिकामाच असायचा. म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, काका, आमच्या दवाखान्यातला बंद पडलाय, आठ दिवस लस तुमच्याकडं ठेवू का? शिवकन्या तिचं नाव; वडवणीकडच्या एका मास्तरांची मुलगी, जनावरांची सरकारी डॉक्टर, गाडीवर मागे बर्फाची पेटी बांधून फिरणारी. गेल्या उन्हाळ्यात छावणीतली पिल्लं रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत पटापट गेली, एक मोठं कुत्रं जबडा उडवत, झटके देत मेलं, तेव्हापासून तिनं मनावर घेतलं होतं की जनावरांबरोबर आलेल्या कुत्र्यांनाही टोचायचं. पिल्लांना पिल्लांची लस, आणि सगळ्यांना पिसाळण्याची. लोक हसले होते. माणसाला गोळी मिळंना आन् कुत्र्याला सुई! तेव्हा आश्रुबानंच घरोघर फिरून, गोष्टी सांगून, एक्केचाळीस कुत्री जमवली होती. बिल्ल्याची कल्पना त्याची. सभासदाच्या कॅनला जो नंबर, तोच त्याच्या कुत्र्याला. डॉक्टरीण खूष झाली होती. "काका, तुम्ही नसता तर मला एकही कुत्रं सापडलं नसतं." हे वाक्य तो महिनाभर खिशात घालून हिंडला होता.

आता तेच वाक्य खिशात कुसळासारखं टोचायला लागलं. कारण एक गोष्ट होती, आणि ती आश्रुबानं कुणालाच सांगितली नव्हती. ज्याच्या पोटात कालची गोष्ट आजपर्यंत राहत नाही, चार माणसं दिसली की ज्याची जीभ आपोआप वळवळते, त्या माणसानं दीड महिना एक गोष्ट दाबून ठेवली होती. टोचणीच्या चार दिवस आधी चेअरमन माणिकराव पाहुणे घेऊन आले होते. कारखान्याचे कुणी संचालक, पांढऱ्या गाडीतून. दुष्काळात पाहुण्याला जेवण नसलं तरी चालतं, पण पाणी गार लागतं. यजमानाची सगळी पत त्या एका पेल्यावर. पाण्याच्या बाटल्या इतक्या आल्या की रिकाम्या फ्रिजातही मावेनात, म्हणून आश्रुबानं लसीचा पुठ्ठ्याचा खोका काढून खिडकीतल्या पत्र्याच्या फळीवर ठेवला. घटकाभर. मग पाहुण्यांनी पाणी पिऊन विचारलं, आश्रुबा म्हणतात ते तुम्हीच का? ऐकवा की एखादी! आणि त्यानं पंडिताची गोष्ट लावली. पंडित म्हणजे संस्थेचं जुनं कुत्रं. कॅन हुंगून दुधात जितकं पाणी तितक्या वेळा भुंकायचं; एकदा एका पुढाऱ्याच्या कॅनपाशी सकाळी जे भुंकायला लागलं ते दिवेलागणीला घसा बसला तेव्हा थांबलं. पाहुणे मांड्या बडवून हसले. माणिकराव म्हणाले, ह्याला गाडीत घ्या, माजलगावपर्यंत रस्ता कटंल. आश्रुबा गाडीत बसला. एसीच्या गार वाऱ्यात, धरणाच्या कडेच्या उसातून जाताना, आणखी तीन गोष्टी झाल्या. मुक्काम तिकडंच. परत आला तो दुसऱ्या दिवशी सांजच्याला, आणि कुलूप काढताना खिडकीतली फळी दिसली. त्रेचाळीसचं ऊन. खोका हाताला तव्यावरच्या भाकरीसारखा लागला.

तेव्हा त्यानं काय केलं? दूधवाल्यानं जे करावं तेच केलं, आणि आज त्याला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत होती. कुपी उजेडाला धरून पाहिली. गुलाबी, नितळ. हलवून पाहिली, गुठळी नाही. तीस वर्षं तो ज्या नळीत दूध उकळून बघत आला, फाटलं तर परत, नाही फाटलं तर घ्या, त्या नळीत त्यानं एका कुपीतली लस ओतली आणि स्टोव्हवर धरली. बुडबुडे आले. फाटली नाही. वास घेतला. आंबट नाही, काही नाही. चांगली हाय, तो खोलीतल्या भिंतीला म्हणाला, आणि उरलेल्या कुप्या फ्रिजात ठेवल्या. सकाळी त्या गार होत्या. गार झालं की झालं. एक कुपी कमी का, असं डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा म्हणाला, हातून पडली. ती म्हणाली, असू द्या काका. आणि मग टोचणी झाल्यावर, पेटी आवरताना, सहज बोलावं तशी बोलली होती: "ही लस फार नाजूक. एकदा तापली की मेली. परत गार केली तरी जिवंत होत नाही. आणि वाईट असं की मेलेली लस मेल्यासारखी दिसत नाही." आश्रुबानं मान हलवली होती. एक्केचाळीस कुत्री बिल्ले हलवत आपापल्या घरी चालली होती.

फाटत नाही, आंबत नाही, वास मारत नाही. तो रात्र-रात्र ही तीन वाक्यं मोजत पडायचा असं नाही. माणूस इतका सरळ नसतो. तो विसरला होता. म्हणजे विसरण्याचं काम त्यानं रोज थोडं थोडं केलं होतं आणि ते जमलंही होतं. उलट बिल्लेवाली कुत्री दिसली की त्याला आनंद व्हायचा. त्यांची तब्येत इतकी झकास होती की लस चांगली असलीच पाहिजे. त्यानं तर टोचलेल्या कुत्र्याची नवी गोष्टही रचली होती, ज्यात त्याला चावलेला साप स्वतःच दवाखान्यात जातो. ह्याच पत्र्याखाली सांगितली होती. भिमाबाई खोकला येईपर्यंत हसली होती. आणि दिवाण तिच्या पायाशी बसून, मोडका कान टवकारून, बिल्ल्यासकट ऐकत होता.

आश्रुबा उठला, बाभळीच्या आड गेला आणि फोन लावला.

"म्याडम, एक इचारायचं होतं. टोचल्यालं कुत्रं मानसाला चावलं तर?"

"कोणाला चावलं, काका?"

"भिमाबायला. दात लागलाय निस्ता. कुत्रं पाणी प्यायना."

पलीकडं गाडीचा आवाज बंद झाला. "मी माजलगावला आहे, दुपारपर्यंत येते. ऐका. जखमेतला चुना-तिखट काढा, साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे पंधरा. मग लगेच सरकारी दवाखान्यात. बिल्ला असो नसो, चावलं की माणसाला टोचून घ्यायचंच. कुत्र्याला एका खोलीत कोंडा, तोंडात कुणी हात घालू नका." मग तिचा आवाज जरा सैल झाला. "तसं घाबरू नका. आपली लस झालीय त्याला. घशात हाडही अडकलं असेल."

आपली लस झालीय त्याला. इथं जागा होती. दोन श्वासांएवढी, एक वाक्य मावेल एवढी. आश्रुबानं तोंड उघडलं, आणि आपलं तोंड दिवाणसारखंच अर्धवट उघडं राहिलंय असं त्याला वाटलं. "व्हय म्याडम," तो म्हणाला. फोन बंद झाला.

कुत्र्याला कोंडणं सोपं गेलं. दिवाण दोरी ताणत, डोकं खाली घालून, छावणीच्या रिकाम्या पेंडीच्या खोलीत गेला. भिमाबाईनं आत पाण्याचं पातेलं ढकललं, दार ओढलं, कडी लावली. पण जीपमध्ये बसायला ती तयार होईना.

"अकराला हजेरी हाय. मालक न्हाई तर जनावरं न्हाईत म्हन्त्यात. माझ्या तिन्हीचा चारा कापतील की. आन् कशापायी जायचं? बिल्ला हाय त्याला."

"बिल्ल्यावर जाऊ नका तुमी."

"आत्ता? तुमीच तर दारोदार सांगत हिंडला. बिल्ला म्हंजी कवच, बिल्ला म्हंजी चिलखत."

"डॉक्टरीणबाय म्हन्ल्यात जा म्हणून."

"त्या तसं म्हन्णारच. त्यांचं कामच हाय त्ये."

मग त्यानं आपलं नेहमीचं हत्यार काढलं. म्हणाला, वडवणीच्या बाजारात एक माणूस होता, त्याला असंच टोचलेलं कुत्रं चावलं, आणि तो असा पिसाळला, असा पिसाळला की गावातल्या कुत्र्यांनी त्याच्या भीतीनं बीडला बदली मागितली. सांगता सांगताच त्याला कळलं की हे चाललंय चुकीचं, पण जिभेला उतार लागला होता. शेजारच्या झोपडीतला तात्याबा हसत जवळ आला. दोन बाया आल्या. भिमाबाई हसून डोळे पुसायला लागली, दुखऱ्या हातानं. मनगटाखाली चुन्यातून लालसर पाणी झिरपत होतं. आश्रुबा मधेच थांबला. म्हणाला, "लस खराब व्हती. माज्याच्यानं उन्हात ऱ्हायली."

तात्याबानं टाळी दिली. "घ्या! आता ह्येच्यात उन्हाला पन घातलं! मग ऊन काय म्हन्लं, आश्रुबा?"

सगळे हसले. आयुष्यभर त्याला वाटायचं की लोक आपल्यावर विश्वास ठेवतात म्हणून ऐकतात. तसं नव्हतं. ते विश्वास ठेवत नव्हते म्हणूनच मन लावून ऐकत होते. त्याच्या तोंडून जे निघेल ते आपोआप गोष्ट व्हायचं. खरं बोलायला त्याच्याकडं दुसरं तोंड नव्हतं. आणि वाईट म्हणजे, ह्या हसण्यात एक दार उघडं होतं. सांगून तर टाकलं, ऐकलं नाही तर आपला काय दोष, असं म्हणत त्या दारातून अलगद निघून जाता आलं असतं. जीप उभीच होती. कॅन भरलेले होते, ऊन चढत होतं, दूध नासलं असतं. दूध निदान नासलं की कळतं.

तो जीपकडं गेला. ड्रायव्हरला वाटलं निघायचं. पण आश्रुबानं कॅन धुवायला आणलेला पाण्याचा मोठा कॅन आणि कपड्याच्या साबणाची वडी उतरवली, ओढत पत्र्यापुढं आणली आणि म्हणाला, "हात फुडं करा, भिमाबाय. जायचं का न्हाई त्ये मागून बघू. आधी धुवू."

"एवढ्या पाण्यात?"

"पंधरा मिनिटं."

"याड लागलं का? एवढ्यात माजी तिन्ही जनावरं पित्यात."

त्यानं तिचा हात मनगटाशी धरला. तीस वर्षांत भाऊ म्हणवून घेतलं होतं पण हात कधी धरला नव्हता. ती इतकी चकित झाली की हात सोडवायचंच विसरली. त्यानं मापानं पाणी ओतायला सुरुवात केली. एक माप. दोन. चुना सुटला, तिखट सुटलं, आणि खाली दोन छिद्रं दिसली, बारीक, अगदी दाभणानं पाडल्यासारखी. साबण लावला. तिनं दात आवळले. पाणी मातीत जात होतं. छावणीत पाणी मातीत जाणं हे असं दृश्य होतं की दहा मिनिटांत जत्रा जमली असती. तीनच मिनिटांत वीस-बावीस माणसं झाली. कुणी शिव्या दिल्या. एक शेळी येऊन ओली माती चाटायला लागली. तात्याबा म्हणाला, "आता तरी गोष्ट सांगा की, पाणी तरी फुकट जायचं न्हाई."

आणि आश्रुबानं सांगितलं. कुणाकडं न बघता, पाण्याच्या धारेकडं बघत, दुधाची नोंद वाचून दाखवावी तसं. खोका कधी काढला. कोणासाठी काढला. फळी पत्र्याची होती. खिडकी पश्चिमेची. माजलगावला गेलो. दुसऱ्या दिवशी सांजच्याला आलो. एक कुपी नळीत उकळली. फाटली नाही म्हणून चांगली समजलो. उरलेल्या फ्रिजात ठेवल्या. त्याच एक्केचाळीस कुत्र्यांना गेल्या. डॉक्टरीणबाईंना माहीत नाही. एवढंच. त्यात पंडित नव्हता, कावळे नव्हते, साप नव्हता. सगळं सांगायला दोन मिनिटं लागली. पाणी अजून निम्मं उरलं होतं.

"मग?" भिमाबाई म्हणाली. गोष्टीत माणूस थांबला की ऐकणाऱ्यानं जसं म्हणायचं असतं, तसंच.

"मग काय न्हाई."

लोक वाट बघत होते. गोष्टीचा शेवटचा फटका यायचा होता, ज्यावर हसायचं असतं. आश्रुबा माप बुडवत होता, ओतत होता. तात्याबाचं हसू चेहऱ्यावर तयार होऊन बसलं होतं, ते हळूहळू उतरायला लागलं. एका बाईनं आपल्या कुत्र्याला हाक मारली आणि हाक मधेच थांबवली. पेंडीच्या खोलीत दिवाणनं दाराला नखं लावली. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. भिमाबाईनं हात मागे घेतला नाही. ती आश्रुबाच्या तोंडाकडं बघत होती, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यात हसण्याजोगं काही शोधत नव्हती. उरलेलं पाणी तसंच शेवटच्या मापापर्यंत संपलं.

"हजेरीला कोण उभं ऱ्हाईल?" ती म्हणाली.

"मी ऱ्हातो."

"तांबडी मारकी हाय. जवळून जाऊ नका." ती जीपमध्ये चढली. चढताना वळून म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी खोका आत ठिवून पाहुण्यास्नी कोमट पाणी दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?" आणि ड्रायव्हरला चला म्हणाली.

अकराच्या हजेरीला भिमाबाईचं नाव पुकारलं तेव्हा तीन दावी धरून आश्रुबा उभा होता. हजेरीवाल्यानं कागदावर तीन खुणा केल्या. दुपारी शिवकन्या आली. तिला दुसऱ्यांदा सांगितलं, तसंच, तेवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बर्फाच्या पेटीचं झाकण दोनदा उघडून लावलं, म्हणाली, "मी तुमच्यावर सोडलं, ते माझं चुकलं." मग खिडकीतून, लांबून, बराच वेळ दिवाणला पाहिलं. तोंड उघडंच होतं. हाड आहे की दुसरं काही, हे तिनं सांगितलं नाही. दहा दिवस जगतोय का बघायचं, एवढंच म्हणाली, आणि म्हणाली, "बाकीचे बिल्ले काढा, काका. आजच. बिल्ला बघून कुणी बेफिकीर राहायला नको. नवी लस मी आणते. माझ्या पेटीतून, माझ्या हातानं."

ज्या दारांत गोष्टी सांगून कुत्री जमवली होती त्याच दारांत तो संध्याकाळपर्यंत फिरला. सुतळ्या कापायच्या, आणि प्रत्येक दारात विचारणारा असायचाच: का वो आश्रुबा? प्रत्येक दारात तीच दोन मिनिटं. कोणतीही गोष्ट चाळीस वेळा सांगितली की तिला पंख फुटतात, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. ही जागची हलली नाही. तेराव्या दारात एकानं थुंकी टाकली, वीस-बाविसाव्या दारात एक म्हातारी नुसतं कुत्र्याला जवळ ओढून बसली. अंधार पडायच्या आत कॅनमध्ये चाळीस बिल्ले खुळखुळत होते. एक्केचाळिसावा, सतरा नंबरचा, दिवाणच्या गळ्यात होता. तो काढायला दहा दिवस कुणाला हात घालता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधाच्या आधी पेंडीच्या खोलीकडं गेला. भिमाबाई तिथं आधीच येऊन, खिडकीपासून चार हात लांब उभी होती. हाताला दवाखान्याची सुई टोचल्याची खूण, पुढच्या चार सुयांच्या तारखांचा कागद कनवटीला. आत दिवाण कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. जिवंत होता. पातेलं दाराजवळच होतं. आश्रुबानं कॅनमधलं दूध मोजायची सळई खिडकीच्या गजातून आत घातली, लांबूनच पाण्यात बुडवली, बाहेर काढून उजेडाला धरली. पाणी दोन बोटं उतरलं होतं.

दोन बोटं. काल दिवसभर पत्रा तापला होता. सकाळीही खिडकीतून आतली धग बाहेर येत होती. एवढ्या उन्हात उघड्या पातेल्यातलं पाणी आपोआपही दोन बोटं उतरतं. त्यानं दिवाणच्या जबड्याकडं पाहिलं, ओलं आहे का. लाळ होती, की पाणी, ते इतक्या लांबून कळेना. त्याच्या जिभेवर आयतं वाक्य येऊन बसलं. प्यालं, भिमाबाय, गटागटा प्यालं, मला बघून शेपूट हलवलं. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईची आजची रात्र सुखात गेली असती.

"भाऊ," ती म्हणाली, "प्यालं का त्यानं?"

आश्रुबानं सळई धोतराला पुसली.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला.